महिला नेत्यावर टीका करताना आपल्याच वाक्याची तपासणी

महिला नेत्यावरील टीका इतकी नेमकी असावी की तिला उत्तर देणे टाळता येऊ नये. टीकेत बाईपणावरचा टोमणा मिसळला की उत्तर टाळायला आयतेच निमित्त मिळते, म्हणून बोलण्यापूर्वी किंवा लिहिण्यापूर्वी ही तपासणी करावी. ती स्त्रियांनीही करावी, कारण या दोषावर पुरुषांची मक्तेदारी नाही.

पहिले काम म्हणजे आपली तक्रार कागदावर उतरवणे, आणि तिच्यात पद, कृती व काळ यांचा उल्लेख आहे का ते पाहणे. ग्रामसभेतला नेहमीचा प्रसंग घ्या. पावसाच्या तोंडावर गटार तुंबलेले आहे, सरपंच महिला आहेत, त्यांचे यजमान मागच्या बाकावर बसले आहेत आणि कोणीतरी उठून म्हणतो, ‘बाईंना विचारून काय उपयोग, सगळे तेच बघतात.’ हशा पिकतो, सरपंच गप्प बसतात आणि गटार तुंबलेलेच राहते. आता तेच म्हणणे असे लिहून पाहा: ‘गटार उपसण्याचा ठराव मागच्या ग्रामसभेत संमत झाला होता, काम अजून का सुरू झाले नाही याचे उत्तर सरपंचांनी स्वतः द्यावे, आणि जे पंचायतीचे सदस्य नाहीत त्यांनी त्यांच्या वतीने बोलू नये.’ पतीची लुडबूड हा गंभीर मुद्दा आहे आणि तो या वाक्यातही कायम आहे. गळला आहे तो फक्त टोमणा, आणि सरपंचांना मात्र आता बोलावेच लागेल.

दुसरे काम नाव बदलून पाहण्याचे. त्यासाठी पुरुष नेता तोलामोलाचा निवडावा लागतो: तेच पद, तीच कृती, शक्य असल्यास तोच पक्ष. गोव्यात सप्टेंबर २०२२ मध्ये काँग्रेसचे आठ आमदार एकाच वेळी भाजपमध्ये गेले, त्यांत सात पुरुष होते आणि शिवोलीच्या दिलायला लोबो एकट्या महिला होत्या. त्यांचे पती मायकल लोबो हेही त्या आठांतच होते. पक्षांतरावर आपण जे बोललो ते आठवून पाहावे. सातजणांना ‘मतदारांचा विश्वासघात केला’ असे सुनावले आणि आठव्या आमदाराला ‘नवऱ्याच्या मागून गेली’ एवढ्यावर सोडले असेल, तर आपण त्यांचा अपमान तर केलाच, शिवाय एका आमदाराला जबाबदारीतून मोकळेही केले.

घराणेशाहीच्या मुद्द्यावर अधिक थांबावे लागते, कारण तो खोटा नाही. २०२२ मध्ये गोव्याच्या चाळीस जणांच्या विधानसभेत तीन महिला निवडून आल्या: ताळगावहून जेनिफर मोन्सेरात, पर्येहून देविया राणे आणि शिवोलीहून दिलायला लोबो. तिघींचेही पती त्याच निवडणुकीत आमदार झाले. याचा जाब उमेदवारी देणाऱ्या पक्षांना विचारलाच पाहिजे. पण देविया यांचे पती विश्वजीत राणे हे माजी मुख्यमंत्री प्रतापसिंह राणे यांचे पुत्र आहेत, आणि त्याच निवडणुकीत सांताक्रुझ मतदारसंघातून निवडून आलेले रुडॉल्फ फर्नांडिस यांच्या मातोश्री व्हिक्टोरिया फर्नांडिस स्वतः आमदार होत्या. या दोघांविषयी बोलताना आपण घराण्यापासून सुरुवात करतो की त्यांच्या खात्यापासून आणि मतदारसंघापासून? मुलाच्या बाबतीत वारसा आणि पत्नीच्या बाबतीत कृपा, असे दोन हिशेब आपल्या वहीत असतील तर ते एकाच पानावर आणावेत. (जाता जाता, ‘नवऱ्याच्या पैशावर निवडणूक लढवते’ हे गोव्यात कायद्याच्या दृष्टीनेही लंगडे पडते, विवाहापूर्वी वेगळा करार नसेल, तर येथील नागरी कायद्यानुसार पतिपत्नीची मालमत्ता सामाईक असते.)

वारशाने पद मिळाले हे मान्य करूनही कामाचा हिशेब वेगळा मांडता येतो. गोव्याचे पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर यांच्या निधनानंतर १९७३ मध्ये त्यांच्या कन्या शशिकला काकोडकर मुख्यमंत्री झाल्या. त्यांच्याच काळात मुंडकारांच्या, म्हणजे जमीनमालकाच्या जागेत घर करून राहणाऱ्यांच्या, संरक्षणाचा १९७५ चा कायदा आला, आणि १९७९ मध्ये स्वपक्षीयांच्या बंडामुळे त्यांचे सरकार कोसळले. पुढे शिक्षणमंत्री असताना, १९९० मध्ये, प्राथमिक शाळांचे सरकारी अनुदान कोकणी-मराठी माध्यमापुरते ठेवण्याचे धोरण त्यांनी राबवले. या धोरणावर कडाडून टीका करता येते किंवा त्याचे जोरदार समर्थनही करता येते, आणि दोन्ही करताना वडिलांचे नाव घ्यावे लागत नाही.

आवाज, साडी, हसणे, मुलेबाळे हे विषय सरळ खोडावेत. त्यांवर वेळ घालवण्यासारखे काही नाही. ‘महत्त्वाकांक्षी’ किंवा ‘उर्मट’ लिहिले असेल, तर ज्या कृतीवरून तसे वाटले ती कृतीच तेथे लिहावी.

उलट दिशेने होणारी चूक सहसा नजरेतून सुटते. ‘बिचारी नवखी आहे, सांभाळून घ्या’ ही सवलत त्याच सभागृहातल्या नवख्या पुरुषाला मिळत नसेल, तर तीही भेदभावातच जमा होते. आणि एखाद्या महिला नेत्याने तपासून केलेल्या टीकेलाही ‘मी स्त्री आहे म्हणून’ असे उत्तर दिले, तर गडबडून माघार घेऊ नये. आपले वाक्य पुन्हा वाचावे. त्यात पद, कृती आणि काळ एवढेच असेल, तर तोच प्रश्न त्याच शब्दांत पुन्हा विचारावा.