'नो सिग्नल' म्हणणारा जुना मॉनिटर भंगारात देण्याआधी

पडद्यावर 'नो सिग्नल' किंवा 'चेक सिग्नल केबल' अशी अक्षरं उमटत असतील, तर पॅनेल, बॅकलाइट आणि वीजपुरवठा शाबूत आहे. बिघाड बहुधा केबलमध्ये नाहीतर सीपीयूत असतो.

आधी मॉनिटरचा प्लग भिंतीतून काढा, पॉवरचं बटण ३० सेकंद दाबून धरा आणि पुन्हा जोडा. मग 'सोर्स' किंवा 'इनपुट' बटण दाबून व्हीजीए (जुन्या मॉनिटरचा पंधरा पिनांचा जोड) निवडा. डीव्हीआय हा दुसरा जोडही असलेले मॉनिटर कधीकधी त्यावरच अडकून बसतात.

आता केबल. व्हीजीए प्लगची रुंद बाजू वर ठेवून पिना समोरून बघा: तीन ओळी, डावीकडून मोजत प्रत्येकी पाच. मधल्या ओळीतली चौथी, म्हणजे ९ नंबरची पिन अनेक केबलींत मुळातच नसते, तिला तुटलेली समजू नका. खालच्या ओळीत मधली १३ आणि तिच्या शेजारची १४ या सिंकच्या, म्हणजे चित्राची वेळ जुळवणाऱ्या पिना. यातली एक जरी वाकली किंवा आत गेली तरी मॉनिटरला सिग्नल सापडत नाही. वरच्या ओळीतल्या पहिल्या तीन अनुक्रमे लाल, हिरवा, निळा रंग वाहतात. निळी तुटली तर चित्र येतं, पण पिवळट. १२ आणि १५ मधून कॉम्प्युटर मॉनिटरची ओळख विचारतो, त्या गेल्या की रिझोल्यूशन चुकतं. वाकलेली पिन बारीक चिमट्याने एकाच प्रयत्नात, हलकेच सरळ करा. मागेपुढे हलवाल तर तुटेल. प्लग बसवल्यावर दोन्ही स्क्रू हाताने आवळा. नुसती टेकवलेली केबल टेबल हललं तरी सुटते.

कॉम्प्युटर नवा असेल तर अडॅप्टरवर संशय घ्या. एचडीएमआयवरून व्हीजीए घ्यायला आत चिप असलेला कन्व्हर्टर लागतो, साधी केबल चालत नाही. डीव्हीआय-डी पोर्टमध्ये व्हीजीएला लागणाऱ्या अ‍ॅनालॉग पिनाच नसतात. २०१६ च्या जीटीएक्स १०८० या ग्राफिक्स कार्डावरचं डीव्हीआय तसंच आहे. ग्राफिक्स कार्ड असूनही केबल मदरबोर्डच्या पोर्टला लावणं ही तर नेहमीची चूक.

केबल बदलूनही तेच, तर मॉनिटर दुसऱ्या कॉम्प्युटरला लावून बघा. तिथे चालला की आपला सीपीयू उघडायचा: प्लग काढून रॅम बाहेर घ्या, सोनेरी पट्टी खोडरबराने पुसा, कचरा झटका, 'टक' आवाज येईपर्यंत बसवा. पंखे फिरतात पण चित्र नाही, या तक्रारीत रॅम फार वेळा सापडते.

'आउट ऑफ रेंज' आलं तर सिग्नल पोचतोय, फक्त पेलवत नाही. १७ इंची चौकोनी मॉनिटरला १२८० × १०२४, ६० हर्ट्झ द्या. चित्रच दिसत नसेल तर दुसऱ्या स्क्रीनवरून सेटिंग बदला.

अक्षरंच येत नाहीत, दिवा लुकलुकतो, गरम झाल्यावर कसाबसा सुरू होतो? मग पॉवर बोर्डवरचे कपॅसिटर (वीज साठवणारे छोटे डबे) माथ्यावर फुगले असणार. त्याच मायक्रोफॅरडचे, तितक्याच किंवा जास्त व्होल्टचे, लो-ईएसआर (आतला रोध कमी असलेले), १०५ अंश सेल्सिअस सोसणारे घ्यायचे. पण मुख्य कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टहून जास्त दाब प्लग काढल्यावरही टिकू शकतो. तो उतरवता येत नसेल तर मागचं झाकण उघडू नका, टीव्ही दुरुस्त करणाऱ्याकडे द्या.