बहुवारिकांची नावे घोकू नका

जालना जिल्ह्यातल्या गावात मराठी माध्यमातून शिकून मी एम.एस्सी. रसायनशास्त्रासाठी छत्रपती संभाजीनगरला आलो, तेव्हा बहुवारिकांची (पॉलिमरची, म्हणजे लहान रेणू जोडून बनलेल्या लांब साखळ्यांची) नावे पाढ्यांसारखी पाठ करत होतो. तोंडी परीक्षेत पॉलिव्हिनाइल अल्कोहोलचे एकवारिक (मोनोमर, म्हणजे साखळी ज्यापासून बनते तो लहान रेणू) विचारले गेले आणि मी बेधडक ‘व्हिनाइल अल्कोहोल’ असे उत्तर दिले. ते चुकले. व्हिनाइल अल्कोहोल टिकतच नाही, त्याचे लगेच अ‍ॅसिटाल्डिहाइड होते. म्हणून आधी व्हिनाइल अ‍ॅसिटेटचे बहुवारिकीकरण करतात आणि मग साखळीवरचे अ‍ॅसिटेट गट काढून टाकतात.

त्या चुकीमुळे मी नावांचा इतिहास वाचायला घेतला, आणि नव्याने येणाऱ्या प्रत्येकाने तो सुरुवातीलाच वाचावा असे मला मनापासून वाटते. ‘अनेक’ आणि ‘भाग’ या अर्थांच्या ग्रीक शब्दांवरून ‘पॉलिमर’ हा शब्द १८३३ मध्ये स्वीडिश रसायनशास्त्रज्ञ बर्झेलियस यांनी रूढ केला. पण मूलद्रव्यांचे प्रमाण तेच आणि रेणुभार मात्र पटीत, एवढाच त्यांचा अर्थ होता, त्यामुळे त्या व्याख्येने ब्युटिलीनसुद्धा एथिलीनचे पॉलिमर ठरते. लांब साखळीची कल्पना १९२० मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञ हेर्मान श्टाउडिंगर यांनी मांडली. असे पदार्थ म्हणजे लहान रेणूंचे पुंजके होत, असे मानणाऱ्या रसायनशास्त्रज्ञांशी त्यांना अनेक वर्षे वाद घालावा लागला. नोबेल मिळाले ते १९५३ मध्ये.

सुट्टीत कपाशीला पाणी देताना ठिबकची काळी नळी हातात आली की मला हा इतिहास आठवतो. नळी पॉलिएथिलीनची, पण एथिलीनमधला दुहेरी बंध साखळीत उरलेला नसतो, एकापुढे एक मेथिलीन (CH₂) गट तेवढे असतात. म्हणून रचनेवरून नाव द्यायचे झाल्यास ते पॉलिमेथिलीन होते, जे बाजारात कोणीच म्हणत नाही. शेजारच्या बोंडातला सेल्युलोजही ग्लुकोजच्या घटकांची साखळीच आहे, तरी नावात ‘पॉलि’ नाही, कारण फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ आन्सेल्म पायेन यांनी तो १८३८ मध्ये वेगळा केला तेव्हा साखळीचा विचारच कोणी केलेला नव्हता.

म्हणून वहीत प्रत्येक नावापुढे प्रत्यक्ष वापरलेले एकवारिक लिहा आणि साखळीतला पुनरावर्ती घटक स्वतः काढा. नायलॉन ६,६ पासून सुरुवात केलेली बरी: ते डायअमाइन आणि आम्ल अशा दोन एकवारिकांपासून बनते, त्यातला पहिला सहा डायअमाइनमधील कार्बन मोजतो, दुसरा आम्लातील, नायलॉन ६ मध्ये मात्र कॅप्रोलॅक्टम हे एकच एकवारिक असल्याने आकडाही एकच येतो.