रानबदकांची घरटी भरपूर, पिल्लं मात्र नाहीत? अधिवास पारखताना या चुका टाळा

तळं तुडुंब, काठावर बदकांच्या जोड्या, तरी हंगाम सरता सरता पिल्लं मोजकीच. अशा वेळी सगळे आधी पाणी तपासतात. पण उत्तर अमेरिकेतली मॅलार्ड, पिनटेल, टील ही बदकं घरटं जमिनीवर करतात, गवताच्या आडोशाला, कधी पाण्यापासून शेकडो मीटर लांब. त्यामुळे तळ्याइतकंच भोवतालचं रानही पाहायला हवं.

शेताच्या कडेला उरलेल्या गवताच्या अरुंद पट्ट्यात खूप घरटी दिसली की जागा उत्तम वाटते. खरं तर दुसरा आडोसाच नसल्यामुळे माद्या तिथे दाटीने बसलेल्या असतात. खोकड किंवा स्कंक (दुर्गंधी फवारणारा छोटा प्राणी) त्या पट्ट्याने नुसता चालत गेला तरी एकामागून एक घरटी त्याच्या वाटेत येतात. मोठ्या सलग माळावर घरटी विखुरलेली असतात, शोधायला कष्ट पडतात.

मला सर्वांत गंभीर वाटते ती मोजणीची चूक. सापडलेल्यांपैकी किती घरट्यांत पिल्लं निघाली, एवढंच काढलं तर आकडा फुगतो, कारण लवकर लुटली गेलेली घरटी आपल्याला सापडतच नाहीत. पक्षी अभ्यासक हॅरोल्ड मेफील्ड यांनी १९६१ मध्ये यावर उपाय सुचवला: घरटं नजरेखाली होतं तेवढे दिवस धरा आणि रोजचा टिकाव काढा. मॅलार्डचं पहिलं अंडं घातल्यापासून पिल्लं निघेपर्यंत साधारण ३५ दिवस जातात. रोज ९५ टक्के घरटी टिकली तर शेवटी जेमतेम १७ टक्के उरतात. रोजचा टिकाव ९७ टक्के असेल तर ३४. दोन टक्क्यांनी यश दुप्पट! उत्तर अमेरिकेच्या प्रेअरीत, म्हणजे गवताळ माळांच्या प्रदेशात, मॅलार्डची संख्या टिकायला साधारण १५ टक्के घरट्यांतून पिल्लं निघावी लागतात असं मानतात, म्हणजे हा फरक किती मोलाचा ते कळेल.

पिनटेल वसंताच्या सुरुवातीलाच पिकाच्या धसकटांत घरटं करतं आणि पेरणीपूर्व नांगरणीत ते जातं. तिथे नांगरणीची वेळ बदलली नाही तर बाकी उपाय व्यर्थ. गवतकापणीचंही तसंच.

कॅनव्हासबॅक, रेडहेड या बदकांच्या बाबतीत मात्र पाणीच तपासा. त्यांची घरटी पाण्यात उभ्या पाणकणसांत असतात. पाणी ओसरलं की अंडी खाणारा रॅकून हा प्राणी पोचतो, अचानक चढलं की अंडी बुडतात.

झाडाच्या ढोलीत घरटं करणाऱ्या वुड डक या बदकासाठी घरट्याच्या लाकडी पेट्या उघड्यावर जवळजवळ लावू नका. माद्या एकमेकींच्या पेटीत अंडी टाकतात, ढीग होतो आणि बरीच अंडी उबतच नाहीत. पेट्या झाडीत, एकमेकींपासून लांब लावा. शिकारी प्राणी वर चढू नयेत म्हणून खांबाला पत्र्याचं शंकूसारखं कडंही हवं.

घरटं तपासताना मादी उडाली तर अंडी तिच्याच मऊ पिसांनी झाकून लगेच निघा. आल्या वाटेने परतू नका, पुढे चालत जा, म्हणजे तुडवलेली पायवाट थेट घरट्याशी संपणार नाही.