या चुका टाळा: नागपुरात जुनी ओपन इम्पाला नव्या पार्टांवर उभी करताना

मे महिना, संध्याकाळचे साडेसहा, कामठी रोडवर ऑटोमोटिव्ह चौकाचा सिग्नल. मामांची 1962 ची शेव्हरोले इम्पाला, टप (कापडी छत) खाली, नव्या रंगाचा वास अजून गेलेला नाही. सिग्नल हिरवा झाला आणि गाडी बंद पडली. सेल्फ मारला तर नुसतं टक-टक. मागून हॉर्न, बाजूला मोबाइल काढून उभे असलेले लोक, आणि पानठेल्यावरचे एक काका ठासून सांगताहेत, "पेट्रोल संपलं तुमचं भाऊ." टाकी भरलेली होती. बॅटरी संपली होती, आणि ती संपवली होती आम्हीच बसवलेल्या नव्याकोऱ्या इलेक्ट्रिक फॅननं.

जुन्या गाडीत नवा पार्ट आणणं म्हणजे लग्न लावणं. नवरा एकटा येत नाही, वऱ्हाड घेऊन येतो. वऱ्हाडाची सोय केली नाही की मांडवातच भांडण. पुढे लिहिलेल्या बहुतेक चुका आम्ही स्वतः केल्या आहेत, काही दुसऱ्यांच्या गाड्यांत निस्तरल्या आहेत.

पाना उचलण्याआधी आरसी बुक उघडा

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने 15 जुलै 2021 ला व्हिंटेज गाड्यांसाठी वेगळे नियम काढले. पहिल्या नोंदणीला 50 वर्षं उलटून गेलेली गाडी, 20 हजार रुपये फी, 10 वर्षांची नोंदणी, पुन्हा नोंदणीला 5 हजार, आणि नंबर पाटीवर 'व्हीए' ही अक्षरं. ग्यानबाची मेख पुढे आहे: गाडी मूळ स्वरूपात हवी. चासी, बॉडी शेल किंवा इंजिनात मोठे फेरफार झालेले चालत नाहीत. शिवाय अशी गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, एवढ्यापुरतीच.

म्हणजे 'व्हीए' पाटीही हवी आणि आत सगळं नवंही हवं, असं जमत नाही. मामांना रविवारी सेमिनरी हिल्सची चक्कर आणि वर्षातून दोनदा रामटेक हवं होतं, म्हणून आम्ही नेहमीची नोंदणी ठेवली आणि दर पाच वर्षांच्या नूतनीकरणाची कटकट पत्करली. इंजिन मात्र तेच ठेवलं. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 मूळ तपशिलापेक्षा वेगळा बदल करायला सहजी परवानगी देत नाही. इंजिन नंबर आरसीशी जुळला नाही तर पासिंगला अडतं आणि विम्याचा दावाही लटकतो. एजंटच्या "होऊन जाईल ना भाऊ" वर पाच-सात लाखांचं इंजिन आणून ठेवलेले एक सद्गृहस्थ मला ठाऊक आहेत. इंजिन अजून त्यांच्या पोर्चमध्ये ताडपत्रीखाली आहे.

थर्मोस्टॅट काढून फेकणं

ही चूक आमच्याकडे घरोघरी होते. थर्मोस्टॅट म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप. गाडी गरम होऊन राहिली असं म्हणालात की मिस्त्रीचा पहिला उपाय ठरलेला: "थर्मोस्टॅट फेकून द्या ना. आपल्या गर्मीत काय काम त्याचं?" वरवर पटतं. उन्हाळ्यात पारा 45 वर जाणाऱ्या शहरात इंजिन गरम करायला वेगळं यंत्र कशाला?

थर्मोस्टॅट नसेल तर डिसेंबरच्या सकाळी इंजिन नीट तापतच नाही, ऑइलमधला ओलावा उडत नाही आणि आत काळा गाळ धरतो. मुख्य म्हणजे खरा रोग झाकला जातो. आमच्या इम्पालात तो रोग रेडिएटरच्या मागे होता. फॅनभोवतीचा पत्र्याचा घेर, म्हणजे श्राउड, कुणीतरी वीसेक वर्षांपूर्वी काढून भंगारात दिला होता. घेर नसला की फॅन रेडिएटरमधून हवा ओढण्याऐवजी बोनेटखालची गरम हवाच गोल फिरवत बसतो. गाडी धावताना समोरून वारा मिळतो, म्हणून काही कळत नाही. सिग्नलला उभी राहिली की पाणी उकळतं. फक्त उभी असताना गरम होणारी गाडी दिसली की आधी फॅन आणि घेर पाहा. धावताना गरम होत असेल तर रेडिएटरची नळी तुंबलेली, टायमिंग (ठिणगीची वेळ) मागे पडलेलं किंवा मिश्रण पातळ झालेलं, म्हणजे हवेच्या मानानं पेट्रोल कमी, असतं.

थर्मोस्टॅट चांगला की वाईट, हे घरी दहा मिनिटांत कळतं. पातेल्यात पाणी, त्यात दोऱ्यानं लटकवलेला थर्मोस्टॅट आणि शेजारी थर्मामीटर. 82 अंशांचा असेल तर त्याच्या आसपास झडप हळूहळू उघडताना डोळ्यांनी दिसते. मी हे चहाच्या पातेल्यात केलं आणि त्या पातेल्यात घरात पुन्हा चहा झाला नाही. तुम्ही जुना डबा वापरा.

बोअरचं पाणी रेडिएटरमध्ये ओतू नका. खडूसारखा थर बसतो आणि नवा अॅल्युमिनियम रेडिएटर दोन-तीन उन्हाळ्यांत जुन्यासारखा होतो. डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट, बस. त्या काळच्या इम्पालात तापमानाला काटा नाही, दिवा लागतो, आणि तो लाल होईपर्यंत बराच उशीर झालेला असतो. काट्याचं मीटर बसवा, पण त्याचा सेन्सरही त्याच्या जोडीचाच घ्या. दिव्याच्या सेन्सरवर काटा खरं बोलत नाही.

आधी फॅन, मग अल्टरनेटर: उलटा क्रम

आता त्या ऑटोमोटिव्ह चौकाकडे येतो. 1962 च्या शेव्हरोलेत बॅटरी चार्ज करायला डायनॅमो असतो. अल्टरनेटर हा त्याचा ताकदवान धाकटा भाऊ. अल्टरनेटर कंपनीनं 1963 पासून दिला. डायनॅमोची ताकद जेमतेम तीस-पस्तीस अँपिअर, तीही गाडी वेगात असताना. इंजिन आयडलला आलं की डायनॅमो जवळजवळ काहीच देत नाही. त्यावर आम्ही पंचवीस अँपिअर ओढणारा फॅन लावला, वर हेडलाइट, वर मामांचा नवा स्टिरिओ. सदरहून ऑटोमोटिव्ह चौकापर्यंत प्रत्येक सिग्नलला सगळा भार बॅटरीवर आला. शेवटी तिनं मान टाकली.

शहाणपण आलं ते असं: आधी अल्टरनेटर. पण अल्टरनेटर आला की बॅटरीपर्यंतची जुनी वायर बदलावीच लागते. साठ वर्षांपूर्वीची ती वायर तीस अँपिअरच्या हिशेबाची आहे. तिच्यातून शंभर अँपिअरच्या अल्टरनेटरचा करंट सोडलात तर ती शेगडीच्या कॉइलसारखी तापते. मग फ्यूज आणि रिले. फॅन, हेडलाइट, एसी, पंप, प्रत्येकाला आपापला. जुना कटआउट, म्हणजे चार्जिंग आवरणारा डबा, तोही काढून टाका. तो फक्त डायनॅमोचा सोयरा.

फॅन बसवल्यावर एक साधी परीक्षा: ग्रिलवर वर्तमानपत्राचा कागद धरा. चिकटला तर ठीक. उडून गेला तर वायरी उलट्या जोडल्यात आणि फॅन हवा पुढे फेकतोय, म्हणजे गाडीच्या वाऱ्याशीच कुस्ती. हसू नका, एका गॅरेजमध्ये चार दिवस रेडिएटर बदलून झाल्यावर हा कागद उडाला होता.

इग्निशनचंही असंच. पॉइंट (ठिणगीसाठी उघडझाप करणारी जुनी जोडी) काढून एचईआयचा, म्हणजे जोरकस ठिणगीचा, इलेक्ट्रॉनिक डिस्ट्रिब्युटर घालतात. पण जुन्या कॉइलकडे जाणाऱ्या वाटेत रेझिस्टर असतो, पॉइंट जळू नयेत म्हणून. तो तसाच राहिला तर नव्या डिस्ट्रिब्युटरला पूर्ण 12 व्होल्ट मिळत नाहीत. गाडी चढावर मिसिंग करते आणि मिस्त्री कार्बोरेटर खोलून बसतो. या डिस्ट्रिब्युटरची ठिणगी जोरकस असते, म्हणून 5 आणि 7 नंबरच्या प्लगच्या वायरी शेजारी-शेजारी बांधू नका. या व्ही-8 चा फायरिंग क्रम 1-8-4-3-6-5-7-2. पाच आणि सात लागोपाठ पेटतात आणि शेजारीही आहेत. एकाच्या वायरीतली वीज दुसरीत उतरली की सात नंबर वेळेआधी पेटतो.

ब्रेक: डिस्क लावली, मास्टर सिलिंडर जुनाच

1962 च्या इम्पालाला चारही चाकांना ड्रम आणि मास्टर सिलिंडर (पेडलचा दाब ब्रेक ऑइलला देणारा) एकाच कप्प्याचा. एक पाइप फुटला की चारही ब्रेक गेले. अमेरिकन कंपन्यांनी 1967 च्या मॉडेलपासून दोन कप्प्यांचा मास्टर दिला. डिस्क नाही लावली तरी चालेल, हा बदल मात्र आधी करा, माझा आग्रहच आहे.

डिस्क लावताना चूक होते ती जुन्या मास्टरमध्ये लपलेल्या छोट्या झडपेमुळे. ती ड्रमसाठी ब्रेकच्या पाइपात (ओळीत) सुमारे 10 पीएसआय दाब धरून ठेवते, पण डिस्कला तोच दाब पॅड चिकटवून ठेवतो. फुटाळ्याच्या रस्त्यावर दोन चकरा झाल्या आणि आमची पुढची दोन्ही चाकं इतकी तापली की चाकाच्या कपवर (मधल्या झाकणावर) टाकलेला पाण्याचा थेंब तव्यावरच्यासारखा नाचला. लक्षणं अशी: ब्रेक न दाबता गाडी जड वाटते, चाकाजवळ जळका वास येतो, थांबल्यावर गाडी घरंगळत नाही. डिस्कच्या ओळीतली झडप काढायची, मागच्या ड्रमची ठेवायची. आणि किट विकत घेण्याआधी जुन्या 14 इंची रिममध्ये कॅलिपर (डिस्कला पकडणारा चिमटा) मावतो का, ते कागदी साच्यानं मापून पाहा.

ब्रेक ऑइल डॉट 4 घेतलं तर दर दोन वर्षांनी बदला. ते हवेतलं पाणी पितं आणि आपला पावसाळा त्याला भरपूर पाजतो. नव्या डब्यातलं 230 अंशांवर उकळतं, पाणी मुरलेलं 155 ला. डॉट 5 सिलिकॉनचं असतं, ते यात मिसळू नका. डॉट 5.1 हे मात्र डॉट 4 च्या जातीचंच, नावावर जाऊ नका.

पेट्रोल: जुने रबर, नवा इथेनॉल

आता पंपावर मिळतं ते 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल. साठच्या दशकातला रबरी पाइप ते सोसत नाही, आतून फुगतो, मऊ पडतो, मग तुटतो. इंजिन गरम, पेट्रोल टपकतंय, पुढचं सांगायला नको. टाकीपासून कार्बोरेटरपर्यंत सगळे पाइप इथेनॉल सोसणारे घाला, पंपाचा डायफ्रामही. जुन्या टाकीतला गंज इथेनॉल सोडवून आणतो, म्हणून पहिले दोन महिने फिल्टर वारंवार बदला. मिश्रण थोडं पातळ पडतं, म्हणून जेट (कार्बोरेटरमधलं पेट्रोलचं भोक) एखादी पायरी मोठा लागतो.

दुपारी गाडी दहा मिनिटं थांबवून रसवंतीवर गेलात आणि परतल्यावर ती सुरू होईना, हा व्हेपर लॉक. इंजिनवरचा पंप टाकीतून पेट्रोल ओढतो, गरम पाइपात त्याची वाफ होते आणि वाफ ओढता येत नाही. टाकीजवळ इलेक्ट्रिक पंप लावून मागून ढकलायचं, हा पक्का उपाय. पंपाला ऑइल प्रेशरचा स्विच हवाच, नाहीतर अपघातात इंजिन बंद पडेल आणि पंप पेट्रोल ओतत राहील.

कापण्याआधी दारात दांडी

या इम्पालाची चासी इंग्रजी एक्ससारखी, बाजूच्या दांड्यांशिवाय. वर छत नाही. म्हणजे खालचा पत्रा आणि दारांखालची पट्टी गेली की गाडीला कणाच उरत नाही. डेंटिंगवाला गंजलेली पट्टी कापतो, गाडी मधून एखादा सेंटिमीटर खाली बसते, नवी पट्टी तशीच वेल्ड होते, आणि मग दार जन्मभर लागत नाही. कापण्याआधी दाराच्या चौकटीत तिरपी लोखंडी दांडी वेल्ड करा. गाडी टोकांना जॅकवर न ठेवता चाकांच्या जागी टेकू द्या. दाराच्या फटी खडूनं बॉडीवर लिहून ठेवा. आमच्याकडे उजव्या दारात वर एक रुपयाचं नाणं जायचं आणि खाली अडकायचं. तो फरक काढायला मिस्त्रीला अकरा दिवस लागले.

टपाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. ओला टप दुमडून ठेवू नका, बुरशी धरते. उन्हाळ्यात महिनोन् महिने दुमडलेलाही ठेवू नका, कापड आखडतं आणि मग पुढच्या काचेपर्यंत पोचत नाही. टप उचलणाऱ्या मोटरमध्ये काही गाड्यांना ब्रेक ऑइल लागतं, काहींना एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरचं ऑइल). चुकीचं घातलं की सील सुजून टप अर्ध्यावर हात वर करून उभा राहतो, नेमका पहिल्या पावसात.

पहिली लांब फेरी

समृद्धीवर नेऊ नका. 120 च्या वाहतुकीत ड्रमच्या काळातली गाडी म्हणजे दुसऱ्यांना त्रास आणि तुम्हाला घाम. आम्ही डिसेंबरात पहाटे कामठी, कन्हानमार्गे रामटेकला गेलो. दर वीस किलोमीटरला थांबून चारही चाकांच्या कपला हात लावून पाहिला आणि अल्टरनेटरची वायर बोटानं चाचपली. मनसरला पोहे खाताना मामांनी विचारलं, "आता काय राहिलं?" डाव्या मागच्या चाकाचा कप बाकीच्यांपेक्षा गरम होता. ब्रेक शू एक खाच ढिला केला आणि निघालो.