सावद्याला जाण्याआधीची तयारी

उद्या केळीच्या भावाचं ॲप जळगाव जिल्ह्यातल्या सावद्याला दाखवायचंय. पिशवीत पहिल्यांदा कोरे कागद, मार्कर आणि एक जास्तीचा पेन. तो पेन समोरच्यासाठी. गेल्या खेपेला मी लॅपटॉपवर रंगीत स्क्रीन दाखवले, सगळे "मस्त आहे" म्हणाले आणि चहा आला. मग तोच स्क्रीन कागदावर खरडून ठेवला, तर एका काकांनी पेन उचलून 'आजचा भाव' या चौकटीत सरळ उभी रेघ मारली. "भाऊ, नवतीचा भाव पिलबागेला कोण देतं?" नवती म्हणजे नव्या लागवडीची केळी, पिलबाग म्हणजे तिच्याच पिलांपासून पुढं घेतलेली; दोन्हींचा भाव वेगळा. माझा महिना वाचला! म्हणून प्रत्येक स्क्रीनची तीन-चार कच्ची चित्रं हवीत, एकच नको; एकच असलं की माणूस भिडेखातर हो म्हणतो.

कागदावर जमलं की फिग्मात, म्हणजे स्क्रीन आखायच्या सॉफ्टवेअरमध्ये, नुसता करडा सांगाडा, फोनच्या स्क्रीनएवढ्या ३६० रुंदीच्या चौकटीत. रंग नाही, पण मजकूर खराच. खोटा मजकूर भरला तर 'प्रतिक्विंटल' बटणात मावत नाही हे शेवटी कळतं, आणि ओळींमधलं अंतर कमी पडलं तर वेलांट्या-उकार एकमेकांत घुसतात. अँड्रॉइडसाठी बटण निदान ४८ डीपी (स्क्रीनवरचं मोजायचं एकक), म्हणजे साधारण ९ मिलिमीटर. कापणी करणाऱ्याच्या बोटांना केळीचा चीक असतो, तेव्हा मी त्याहून मोठंच ठेवते.

रंग आता. अक्षर आणि पार्श्वभूमीचा कॉन्ट्रास्ट, म्हणजे उजळपणातला फरक, किमान ४.५:१ पाहिजे, पण आकड्यावर विसंबू नका, फोन घेऊन उन्हात उभे राहा. खानदेशातल्या मे महिन्यात फिकट राखाडी अक्षर दिसतच नाही.

क्लिक होणारा प्रोटोटाइप, म्हणजे ॲपसारखा चालणारा नमुना, सगळ्यात शेवटी, तोही एकाच वाटेचा: गाव निवडा, भाव बघा, व्यापाऱ्याला फोन लावा. बाकीचे स्क्रीन जोडत बसू नका. पाच जणांकडून वापरून घेतलं की बहुतेक अडचणी सापडतात, असं वापरसुलभतेचे अभ्यासक याकोब नील्सन यांनी २००० मध्ये मांडलं. मात्र शेतकरी आणि व्यापारी हे दोन वेगळे गट, पाच जण दोघांत वाटून भागणार नाही.

शेतात रेंज जाते, म्हणून स्क्रीनची पीडीएफ फोनमध्ये असू द्या. आणि कुणी चुकीचं बटण दाबलं तर गप्प बसायचं. मला हे अजून नीट जमत नाही, म्हणून उद्या वही धरून बसणार आहे.