सायटोकाइन आणि आतड्याच्या मूलपेशी: प्रयोग कसा लावावा

वडोदऱ्यात सयाजीराव विद्यापीठाच्या परिसरात जीवशास्त्र शिकणाऱ्या आपल्या मराठी विद्यार्थ्यांसाठी, सायटोकाइनचा (पेशींमध्ये संदेश पोहोचवणाऱ्या प्रथिनांचा) आतड्याच्या मूलपेशींवर काय परिणाम होतो हे तपासण्याची ही पद्धत लिहिली आहे. उंदराच्या लहान आतड्यातील मूलपेशी क्रिप्टच्या, म्हणजे अस्तरातील सूक्ष्म खळग्यांच्या, तळाशी असतात. २००९ मध्ये एलजीआर५ ही खूण असलेल्या एकट्या मूलपेशीपासून ऑर्गनॉइड (अवयवाची चिमुकली प्रतिकृती) वाढवता येतात हे सिद्ध झाले, आणि तोच मार्ग येथे वापरावा.

इडीटीए या, पेशींची पकड सैल करणाऱ्या रसायनाच्या थंड द्रावणात क्रिप्ट सुटे करून मॅट्रिजेलमध्ये (पेशींना आधार देणाऱ्या, उष्णतेने घट्ट होणाऱ्या जेलमध्ये) मिसळावेत. वैशाखात, पारा चाळिशीपार गेलेला असताना, मॅट्रिजेल नळीतच घट्ट होते, म्हणून पिपेटची टोकेसुद्धा आधीच बर्फावर ठेवावीत. पेशी वाढवण्याच्या माध्यमात इजीएफ, नॉगिन आणि आर-स्पाँडिन ही वाढीला लागणारी प्रथिने हवीतच.

ऑर्गनॉइडना कोंब फुटू लागल्यावर एका गटाला इंटरल्यूकिन-२२, दुसऱ्याला इंटरफेरॉन-गॅमा ही सायटोकाइन द्यावीत आणि तिसऱ्याला, तुलनेसाठी, ती ज्यात विरघळवली तो विद्रावक तेवढाच द्यावा. हा तिसरा गट वगळल्यास बाकी सारे व्यर्थ. इंटरल्यूकिन-२२ हे पेशीतील स्टॅट३ हे संदेशवाहक प्रथिन सक्रिय करते, त्यामुळे ऑर्गनॉइड आकाराने मोठे होतात, तर इंटरफेरॉन-गॅमाची मात्रा वाढल्यास पेशी मरू लागतात.

मोठा ऑर्गनॉइड म्हणजे अधिक मूलपेशी, असा निष्कर्ष मात्र घाईने काढू नये, कारण मूलपेशी आणि पक्व पेशी यांच्या मधल्या, झपाट्याने विभागणाऱ्या पेशींमुळेही आकार वाढतो. म्हणून ऑर्गनॉइड फोडून, पेशी मोजून, सायटोकाइनविना पुन्हा लावाव्यात आणि किती नवे ऑर्गनॉइड उभे राहतात ते नोंदवावे. सोबत एलजीआर५ची अभिव्यक्तीही, म्हणजे ते जनुक किती सक्रिय आहे हेही, तपासावी.