तान्ह्या बाळाशी गप्पा कशा माराव्यात

बाळाचा मेंदू तल्लख व्हावा म्हणून फ्लॅशकार्ड आणि मोबाइलवरची बडबडगीतं यांच्या नादी लागू नका. बाळानं हुंकार दिला, पाहिलं, रडलं की समोरच्यानं त्याला उत्तर द्यायचं, पहिल्या वर्षात मेंदूला सगळ्यात जास्त गरज याची असते. या देवघेवीत मेंदूतल्या पेशींच्या ज्या जोडण्या पुन्हापुन्हा वापरल्या जातात त्या पक्क्या होतात, बाकीच्या मेंदू पुढे छाटून टाकतो. खालची पद्धत दोन ते सहा महिन्यांच्या बाळासाठी आहे.

वेळ निवडा: पोट भरलेलं, झोप झालेली, बाळ टकामका बघतंय. लंगोट बदलताना किंवा मालिश करताना सहज जमतं. टीव्ही बंद.

बाळाला मांडीवर घ्या. चेहरा साधारण ३० सेंटिमीटरवर ठेवा आणि उजेड तुमच्या तोंडावर पडू द्या. खिडकीकडे पाठ करून बसलात तर बाळाला नुसती सावली दिसते.

एकच छोटं वाक्य बोला, स्वर लांबवून: "कुठे गेलं होतं माझं बाऽऽळ?"

आता थांबा. बहुतेकांचं घोडं इथेच अडतं. दोन सेकंदांत उत्तर आलं नाही की माणसं पुढचं वाक्य टाकतात, टाळ्या वाजवतात, खुळखुळा हलवतात. बाळाला आवाज ऐकून, श्वास आवरून, ओठ-जीभ हलवायला वेळ लागतो. मनात सावकाश दहापर्यंत मोजा, चेहरा हसरा ठेवा, नजर हलवू नका. आधी पाय झाडले जातील, मग तोंड उघडेल, भुवया वर जातील आणि मग "आऽगूऽ" येईल. तोच आवाज जसाच्या तसा परत द्या आणि पुन्हा थांबा. तुम्ही सलग बोलत राहिलात तर बाळाची पाळी येतच नाही.

दुसरी अडचण मान वळवण्याची. बाळानं तोंड फिरवलं, जांभई दिली, उचकी लागली, पाठ ताणली, तर त्याला दम खायचाय. हनुवटी धरून तोंड आपल्याकडे वळवू नका, हे मी निक्षून सांगते. गप्प राहा, बहुतेक वेळा ते आपणहून परत बघतं. नाही बघितलं तर आजचं पुरे.

मात्र बाळ बोलावत असताना चेहरा कोरा ठेवणं वेगळं. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ एडवर्ड ट्रॉनिक यांनी १९७०च्या दशकात एका प्रयोगात आयांना काही मिनिटं निर्विकार चेहरा ठेवायला सांगितलं. बाळं आधी हसून, हातवारे करून बोलावत राहिली, मग कष्टी होऊन तोंड फिरवू लागली. मांडीवर बाळ आणि नजर मोबाइलमध्ये असली की असाच कोरा चेहरा बाळापुढे येतो. अधूनमधून सूर चुकला तर घाबरू नका, तो सगळ्यांचाच चुकतो. पुन्हा बघा, पुन्हा बोला, तेवढ्यानं भागतं.

"रडलं की उचलू नका, सवय लागेल" हा सल्ला तर कानाआडच करा. या वयात स्वतःला शांत करणं बाळाला पुरतं जमत नाही. तुमच्या कुशीतच ते शिकतं. तुम्हीच थकून चिडला असाल तर बाळाला पाळण्यात पाठीवर निजवा, पाच मिनिटं बाजूला व्हा. बाळाला कधीही गदागदा हलवू नका.

तीन महिने उलटूनही बाळ चेहऱ्याकडे बघून हसत नसेल किंवा मोठ्या आवाजानं दचकत नसेल, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा. आईचं मन दोन आठवड्यांहून जास्त उदास असेल, तर तिलाही डॉक्टरांकडे न्या. त्या काळात गप्पांची पाळी बाबांनी, आजीनं घ्यावी.